धोबीतलावचं कारंजं गेलं कुठं होतं?

मुंबईत धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या चौकात सिग्नलला टॅक्सी थांबली की हल्ली समोर एक उंच, नक्षीदार, लोखंडी प्रकार दिसतो. परवा शेजारी बसलेला भाचा म्हणाला, मामा हे नवीन केलंय का? मी म्हटलं नवीन नाही रे, हे माझ्या जन्माच्या आधी इथून गेलं होतं, आता परत आलंय. त्याला वाटलं मी फिरकी घेतोय. चाळीस फुटी कारंजं गावाला जाऊन परत येतं का? तर येतं. कसं ते समजावायला बसलो तेव्हा लक्षात आलं की गोष्ट एका कारंज्याची नाहीच, त्यात विहार तलाव येतो, अमेरिकेतलं युद्ध येतं, इंग्लंडमधलं बुटांचं गाव येतं आणि शेवटी आपलं ट्रॅफिक येतं. म्हणून जरा सावकाश लिहितोय.

नाव फिट्झजेराल्ड फाउंटन. साल १८६७. त्याच वर्षी सर सेमूर फिट्झजेराल्ड नावाचे गृहस्थ मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले आणि १८७२ पर्यंत राहिले, त्यांच्या नावाने हे. ओतीव लोखंडाचं, खाली पाणी आणि वर दिवे, म्हणून काही ठिकाणी त्याला नुसतं फाउंटन न म्हणता लॅम्प अँड फाउंटन म्हटलेलं सापडतं. गव्हर्नरसाहेबांबद्दल मला याहून जास्त सांगण्यासारखं काही वाटत नाही, आधीचे फ्रियर जास्त इंटरेस्टिंग होते, फोर्टच्या भिंती त्यांनीच पाडायला घेतल्या. चौकाला आज वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे आणि लोक मेट्रोच म्हणतात. आता भुयारी मेट्रो आल्यापासून तर ‘मेट्रोला उतर’ म्हटल्यावर माणूस सिनेमाला पोचेल की स्टेशनात, काही सांगता येत नाही.

आता पहिला प्रश्न. १८६७ मध्ये वीज नाही, पंप नाही, मग कारंजं उडायचं कसं?

उत्तर एका शब्दात, उतार. घराच्या गच्चीवर टाकी असते, तळमजल्याच्या नळाला धो धो पाणी येतं आणि वरच्या मजल्याला करंगळीएवढं, हे आपण सगळ्यांनीच भोगलंय. टाकी जितकी वर तितका खाली जोर. साधारण दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब, इतका सरळ हिशोब आहे. नळाचं तोंड बारीक करून वर वळवलं की पाणी पुन्हा टाकीच्या उंचीपर्यंत चढायला बघतं, पूर्ण चढत नाही कारण पाइपात घासून घासून आणि हवेत फुटून त्याचा दम जातो, पण बऱ्यापैकी चढतं. तेच कारंजं. पुण्याच्या शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं याच युक्तीवर उडायचं, कात्रजचं पाणी उतारानं पुण्यात आणलेलं होतं म्हणून. पेशव्यांना जे जमलं त्यात इंजिनियरिंगचं कोडं काही नव्हतं, फक्त पाणी उंचावर पाहिजे आणि तिथून शहरापर्यंत न गळता आलं पाहिजे.

आणि मुंबईची गोची नेमकी तिथंच होती. बेट सखल, चारी बाजूंनी समुद्र, पाणी म्हणजे विहिरी आणि तलाव. आजची नावं वाचा ना, धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी, खारा तलाव. सगळी पाण्याची नावं आणि आता एकाही ठिकाणी पाणी नाही. धोबीतलावला फरामजी कावसजी बानाजी या पारशी शेठनी स्वतःच्या खर्चाने पाण्याची सोय केली होती, म्हणून त्या तलावाला फरामजी कावसजी टँक असं अधिकृत नाव होतं, पण लोकांनी धोब्यांनाच मान दिला. तलाव बुजला, नाव उरलं.

या विहिरी-तलावांचं पाणी पावसावर. १८५४ ला पाऊस दगा देऊन गेला आणि शहराची अक्षरशः तहानेने वाट लागली. तेव्हा हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनियरची योजना पुढे सरकली, की साष्टीच्या डोंगरात मिठी नदीला बांध घालायचा आणि पाणी लोखंडी नळातून थेट शहरात आणायचं. (हाच कॉनिबेअर कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आर्किटेक्टपण होता, एका माणसाने किती करायचं.) काम १८५६ ला सुरू, १८६० ला विहारचं पाणी मुंबईत. रोज ३२ दशलक्ष लिटर. आजचा आकडा सात तलाव मिळून ३८५० दशलक्ष लिटरच्या आसपास आहे, त्यापुढे ते काहीच नाही, पण तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन तलावाच्या पायऱ्या उतरणाऱ्या बाईला ते काय वाटलं असेल याचा विचार करा.

विहार शहरापेक्षा साधारण पन्नास मीटर वर आहे. गच्चीवरची टाकी म्हणा हवं तर, फक्त गच्ची वीस-बावीस किलोमीटर लांब. एवढ्या लांबून येताना नळात बराच दाब खर्ची पडतो, तरीही रस्त्याच्या पातळीवर पाणी जोरात येतं. म्हणजे १८६० नंतर मुंबईकडे पहिल्यांदा अशी गोष्ट आली जी आधी तिच्याकडे नव्हती, ती म्हणजे दाबाखालचं पाणी. विहिरीचं पाणी कितीही गोड असो, स्वतःहून वर येत नाही.

म्हणून माझं मत असं की त्या दहा-पंधरा वर्षांत शहरात जी मोठी कारंजी उभी राहिली ती नुसती शोभा नव्हती, ती नव्या नळाची जाहिरात होती. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. जिथे किल्ल्याचा चर्चगेट होता त्याच ठिकाणी, पोर्टलंडच्या दगडातलं, मुळात राणीच्या बागेसाठी मागवलेलं आणि ऐनवेळी फोर्टात बसवलेलं, ४७ हजार रुपये खर्च, त्यातले २० हजार करसेटजी फर्दूनजी पारेख या एका माणसाचे. मग १८६७ चं आपलं धोबीतलावचं. मग क्रॉफर्ड मार्केटच्या आतलं. भरचौकात पाणी हवेत उडवणं म्हणजे सांगणं की बघा, आता पाणी इतकं आहे की आम्ही ते उडवू शकतो. १८५४ आठवणाऱ्या माणसाला हे दृश्य जवळपास उद्धटपणाचं वाटलं असणार.

प्यायची सोय वेगळी, त्याला प्याऊ म्हणतात. आपल्याकडची पाणपोई, पण मुंबईत गुजराती-मारवाडी शेठलोकांनी बांधल्या म्हणून प्याऊ हाच शब्द रुळला. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एकट्याने ४० पाण्याच्या पाणपोया शहराला दिल्या. मशीद बंदरच्या भातबाजारात केशवजी नायकांचा १८७६ चा प्याऊ अजून उभा आहे, एखाद्या छोट्या देवळासारखा. तो बघाच कधीतरी, पण दुपारी जाऊ नका, हातगाड्यांमधून वाट काढता काढता नाकी नऊ येतात.

तर फिट्झजेराल्डचं कारंजं. ते मुंबईत बनलं नाही. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावात बारवेल नावाच्या ओतशाळेत बनलं, आणि त्याचं जुळं भावंड तिथल्याच मार्केट चौकात उभं होतं. हे जुळं कसं काय, हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

ओतीव लोखंडाचं काम म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीचे साचे असतात तसंच काहीसं. आधी कुशल सुतार लाकडाचा नमुना कोरतो, प्रत्येक पान, प्रत्येक वेलबुट्टी, सिंहाचं तोंड असेल तर सिंहाचं तोंड. ओलसर वाळूत तो नमुना दाबायचा, अलगद काढायचा, वाळूत पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की वाळू झटकायची. खरा खर्च आणि खरी कला त्या लाकडी नमुन्यात. एकदा नमुना झाला की दुसरं कारंजं म्हणजे लोखंडाचे पैसे आणि थोडी मजुरी. त्यामुळे ओतशाळेला पहिली ऑर्डर मिळाली की दुसरं गिऱ्हाईक शोधण्यातच फायदा. त्या काळात इंग्रजी ओतशाळांचे चक्क कॅटलॉग निघायचे, दिव्याचे खांब, बाकडी, बँडस्टँड, कारंजी, जगात कुठेही पाठवू. तुकडे पेट्यांत भरायचे, बोल्ट वेगळे, जहाजात चढवायचे आणि पोचल्यावर जोडायचे. आजचं ते डब्यातून येणारं कपाट असतं ना, घरी आणून स्क्रू शोधत बसायचं, त्याचाच आजोबा. सुएझ कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात उघडला, त्याआधी जड माल आफ्रिकेला पूर्ण वळसा घालूनच मुंबईला लागायचा.

नॉर्दम्प्टनचं कारंजं १८६३ चं, प्रिन्स ऑफ वेल्सच्या लग्नानिमित्त. गावाला भेट देणारा माणूस कॅप्टन सॅम्युएल आयझॅक. या आयझॅकची कंपनी बुटांची, आणि नॉर्दम्प्टन म्हणजे बुटांचंच गाव. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, १८६१ ते १८६५, आणि आयझॅकची कंपनी दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांच्या सैन्याला बूट, बंदुका, कपडे असा माल पुरवणारी युरोपातली सगळ्यात मोठी पुरवठादार होऊन बसली होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली होती, नाकेबंदी चुकवून माल पोचवायचा, धोका मोठा तसा पैसाही मोठा.

आता तीच नाकेबंदी मुंबईच्या बाजूने बघा. दक्षिणेचा कापूस बाहेर पडेना, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद, बॅक बेचा समुद्र बुजवायच्या कंपनीचे शेअर्स, जो तो सट्ट्यात. किल्ल्याच्या भिंती पाडून नवं शहर उभं करायची हिंमत आणि पैसा दोन्ही त्याच काळातले. १८६५ ला युद्ध संपलं तसे कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचे कित्येक शेठ रस्त्यावर आले. आयझॅकची कंपनीही बुडाली, कारण तिने हरणाऱ्या बाजूचे कर्जरोखे धरून ठेवले होते. म्हणजे एकाच युद्धावर फुगलेली आणि एकाच युद्धाच्या अंताला फुटलेली दोन गावं, एकमेकांना न ओळखणारी, आणि दोघांच्या चौकात सारखंच कारंजं. असलं काही कादंबरीत लिहिलं तर लोक म्हणतील जमवून आणलंय.

मुंबईचं कारंजं बसलं ती जागा मात्र मस्त होती. एका अंगाला फोर्ट आणि मैदान म्हणजे साहेबाचं शहर, दुसऱ्या अंगाला गिरगाव, काळबादेवी, चंदनवाडी म्हणजे आपलं शहर, आणि मधल्या सांध्यावर धोबीतलाव, जिथं पारशी, इराणी, गोंयकार, कोकणी सगळ्यांची मिसळ. जेर महाल आणि आसपासच्या इमारतींमध्ये गोव्याच्या गावागावांचे कुड्ड, म्हणजे बोटीवर नोकरीला जाणाऱ्या खलाशांच्या राहण्याच्या खोल्या, एकेका गावाचा एकेक. समोर कयानी हे इराणी हॉटेल, १९०४ पासून. गोव्याहून पहिल्यांदा मुंबईत आलेल्या पोराला ‘कारंज्यापाशी थांब’ असं सांगितलं जात असेल असं मला उगाच वाटतं, कारण चाळीस फूट उंच आणि वर दिवे असलेली दुसरी खूण तिथं कुठली होती?

आणि मग ते गेलं. एका दिवसात कोणी ठरवून नाही काढलं, त्याचं काम आधीच संपत आलं होतं, ते असं. मुंबईला रस्त्यावरचा गॅसचा दिवा आला १८६५ च्या सुमाराला, मग वीज आली, म्हणजे वरच्या दिव्याचं अप्रूप संपलं. विहारपाठोपाठ तुळशी १८७९ ला, तानसा १८९२ ला, घराघरात, निदान चाळीच्या प्रत्येक मजल्यावर नळ आला, म्हणजे उडणाऱ्या पाण्याचं अप्रूप संपलं. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने मलेरियावर रिपोर्ट दिला की शहरातल्या विहिरी आणि टाक्यांत डास वाढतात, तेव्हापासून उघडं साठलेलं पाणी म्हणजे शोभा नाही तर संशय. अजूनही पालिकेचा माणूस सोसायटीत आला की आधी कुंड्यांखालच्या बशा तपासतो, त्याची पाळंमुळं तिथली.

त्यात आपली हवा. खारी. ओतीव लोखंड तसं दणकट, दाबलं तर दबत नाही, पण ठिसूळ, ठोकलं तर तडकतं, आणि गंजाची गंमत अशी की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन तुकड्यांच्या सांध्यात पाणी शिरलं, बोल्ट गंजला की तो आतून फुगतो आणि भोवतालचं ओतकामच फोडतो. दर दोन-चार वर्षांनी खरवडून रंग द्यायला लागतो. ज्यांच्याकडे खिडकीला लोखंडी ग्रिल आहे आणि घर समुद्राजवळ आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि ज्या गव्हर्नरचं नाव कोणाला आठवत नाही त्याच्या कारंज्यासाठी दर चार वर्षांनी रंगाचं टेंडर कोण काढणार?

शेवटचा धक्का ट्रॅफिकचा. १९६० चं दशक, महाराष्ट्र नुकताच झालेला, गाड्या वाढलेल्या, ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, रस्त्यांची सगळी मांडणीच बदलत होती. चौकाच्या मधोमध उभी असलेली प्रत्येक वस्तू अडथळा ठरली. साहेबाच्या खुणा काढण्याचेही ते दिवस, १९६५ ला काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, उचलून राणीच्या बागेत नेला. आमचं कारंजंही त्याच दशकात सुटं केलं गेलं. माझे एक काका तेव्हा कॉलेजला होते, ते म्हणतात आम्हाला काही वाटलंच नाही, उलट बरं झालं बस लवकर निघायला लागली. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं. आज आपण हळहळतो ते आपल्याला तिथं बसमध्ये लटकावं लागलं नाही म्हणून.

पण इथे जुळ्या भावंडांच्या नशिबात फरक पडला. नॉर्दम्प्टनवाल्यांनी त्यांचं कारंजं १९६२ मध्ये धोकादायक ठरवून पाडलं. संपलं. तिथले लोक आजही त्याबद्दल चुटपुट व्यक्त करतात म्हणे. मुंबईचं मात्र सुटं करून भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या म्युझियमच्या आवारात नेऊन ठेवलं. हे म्युझियम १८७२ ला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाने उघडलं, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. घारापुरीला ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं तो दगडी हत्तीही तिथंच आहे. शहराला नकोसं झालं पण फेकवत नाही असं सगळं भायखळ्याला, आपल्या घरातल्या माळ्यासारखं. आपली ती सवयच, तुटका मिक्सर माळ्यावर, बघू कधीतरी. त्या सवयीला बायका कितीही नावं ठेवोत, इथे मात्र तिनेच वाचवलं. भंगारवाल्याला दिलं असतं तर चांगला भाव आला असता, एवढं लोखंड.

माळ्यावरचं कारंजं परत उभं करणं म्हणजे काय काम असतं तेही थोडक्यात सांगतो, कारण ‘रिस्टोर केलं’ या दोन शब्दांत लोक ते संपवतात. तुकडे मोजायचे, आणि ते मोजले की कळतं काय काय हरवलंय. मग जुने फोटो काढायचे आणि भिंग लावून बघायचं की वरच्या टप्प्यावर पान आहे की शंख. जो तुकडा एका बाजूचा शिल्लक आहे त्याच्यावरून दुसऱ्या बाजूचा साचा करायचा, पण लोखंड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक, म्हणून सरळ जुन्या तुकड्याचा साचा काढून ओतलं तर नवा तुकडा थोडा लहान येतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. नमुना तेवढा मोठा करून घ्यावा लागतो. तडकलेलं ओतीव लोखंड साध्या वेल्डिंगने जोडायला गेलात तर शेजारी नवी तडा जाते, आधी तापवून, सावकाश, निकेलची कांडी वापरून करावं लागतं. शिवाय दीडशे वर्षांचे रंगाचे थर खरवडायचे. आणि हे सगळं झाल्यावर खाली पाया नवा, कारण १८६७ ला त्या चौकाखालून ज्या गोष्टी जात नव्हत्या त्या सगळ्या आता जातात, केबल, गटार, गॅस, इंटरनेट.

तर ते झालं आणि पन्नासहून जास्त वर्षांनी कारंजं मेट्रोच्या चौकात परत उभं राहिलं. ज्या ट्रॅफिकसाठी काढलं होतं ते ट्रॅफिक तेव्हापेक्षा कितीतरी पटीने जास्त आहे आणि कारंजं असूनही चाललंय जसं चालायचं तसं, त्यामुळे काढल्याने नेमका किती फायदा झाला होता हा प्रश्न मी काकांना विचारला, ते म्हणाले चहा घे.

भाच्याला हे सगळं सांगून होईपर्यंत आम्ही कयानीत बसलो होतो, ब्रून मस्का संपला होता. त्याने एकच शंका काढली, की मामा आता यात पाणी विहारचं आहे का? म्हटलं विहारचा वाटा आता शहराच्या पाण्यात दोन टक्क्यांच्या आसपास आहे, बाकी भातसा-वैतरणा, त्यामुळे विहारचा थेंब शोधत बसू नकोस. तो काचेतून बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, वर दिवे आहेत ना, रात्री येऊया.